न विकलेलं खेळणं जातं कुठे?

खेळण्यांवर लिहिणार म्हटल्यावर एका मित्रानं लगेच विचारलं, "पीएच.डी. सोडली का बे?" सोडलेली नाही. माझं काम प्लास्टिकच्या मिश्रणांवर आहे. दोन वेगळ्या जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलं की काय बिघडतं आणि का बिघडतं, हे मी गेली काही वर्षं बघतोय. हे बिघडणं समजून घ्यायचं असेल तर पुसदमधल्या कुठल्याही भंगाराच्या दुकानात जा आणि खेळण्यांचं पोतं उघडून बघा. गाडीचं अंग एका प्लास्टिकचं, चाकं दुसऱ्याची, आत लोखंडी दांडी, वरून रंग, त्यावर चिकटवलेला चकचकीत कागद. भंगारवाला हे पोतं घेतो, पण नाक मुरडून. बादल्या आणि खुर्च्यांना तो बरा भाव देतो.

पण ही झाली वापरून तुटलेली खेळणी. मला आज बोलायचंय ते कुठल्याच पोराचा हात न लागलेल्या खेळण्यांबद्दल. कारखान्यात तयार झाली, खोक्यात बसली आणि विकलीच गेली नाहीत. किंवा वाहतुकीत खोकं दबलं, बाहुलीचा एक डोळा वाकडा छापला गेला, म्हणून बाजूला पडली. त्यांचं पुढे काय होतं? मोठ्या कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांत तुम्हाला झाडं दिसतील, हसरी मुलं दिसतील, खोक्याचा कागद किती टक्के पुनर्वापरातला आहे तेही दिसेल. न विकलेला किती माल फेकला, हा आकडा सहसा दिसत नाही.

आधी माल उरतोच का, ते बघू. खेळण्याचा धंदा भाजीसारखा आहे, फक्त नासण्याची पद्धत वेगळी. सिनेमा आला की त्यातल्या पात्राची बाहुली खपते, सिनेमा उतरला की तीच बाहुली कुणी हातात घेत नाही. आणि साचा बनवणं, माल काढणं, तो जहाजात नाहीतर ट्रकमध्ये भरणं हे सगळं मागणी कळायच्या कित्येक महिने आधी करावं लागतं. अंदाज चुकला की गोदाम भरतं. हिशेबाचा नियम असा की शिल्लक माल वहीत एकतर खर्चाच्या किमतीला दाखवायचा किंवा आज जेवढ्याला जाईल त्या किमतीला. दोन्हींत जी कमी, ती. त्यामुळे न खपणारी बाहुली रॅकवर तशीच्या तशी असते, कागदावर मात्र तिची किंमत शून्याकडे सरकत जाते. गोदामाचं भाडं तेवढं कमी होत नाही.

अमेरिकेतल्या फंको कंपनीचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. मोठ्या डोक्याच्या, काळ्या टपोऱ्या डोळ्यांच्या विनाइलच्या बाहुल्या बनवणारी ही कंपनी. २०२२ च्या अखेरीस तिच्याकडे सुमारे २४.६ कोटी डॉलरचा माल शिल्लक होता, आदल्या वर्षापेक्षा ४८ टक्के जास्त. ॲरिझोनातलं गोदाम ओसंडून वाहिलं आणि जादा कंटेनर भाड्यानं घ्यावे लागले. मार्च २०२३ मध्ये कंपनीनं गुंतवणूकदारांना कळवलं की ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल आम्ही वर्षाच्या पहिल्या सहामाहीत काढून टाकणार आहोत. दिलेलं कारण नीट बघा: माल गोदामाच्या क्षमतेत बसवायचा आणि खर्च कमी करायचा. माल खराब होता, असं कुणी म्हटलेलंच नाही. चांगल्या बाहुल्या ठेवण्यापेक्षा फेकणं स्वस्त पडत होतं, एवढंच. यातलं मला सर्वात उल्लेखनीय वाटतं ते हे, की ही माहिती बाहेर आली ती पर्यावरणाच्या कुठल्या कायद्यामुळे नाही. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला तोटा लपवता येत नाही, म्हणून आपल्याला कळलं.

(याचा पूर्वज १९८३ मधला. अटारी कंपनीनं न विकलेल्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरल्या. लोक तीस वर्षं त्याला दंतकथा समजत होते. एप्रिल २०१४ मध्ये खोदलं तेव्हा खरंच सापडल्या.)

आता माझ्या विषयाकडे. "वितळवून परत वापरा ना!" हा प्रश्न मला जेवणाच्या पंगतीतही विचारला जातो. उत्तर रेणूच्या लांबीत आहे.

मीठ आणि साखर एका वाटीत हलवा, दाणे सहज मिसळतात. कारण प्रत्येक दाणा सुटा आहे आणि मिसळून बसण्याच्या मांडण्या अगणित आहेत. प्लास्टिकचा रेणू म्हणजे हजारो कड्यांची साखळी. कड्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे एक कडी इकडे आणि दुसरी तिकडे असं जाता येत नाही. मिसळण्याच्या शक्य मांडण्या एकदम कमी होतात, म्हणून मिसळण्याची ओढही उरत नाही. मग दोन जातींमध्ये जराशी नावड असली तरी तेवढी पुरते. वितळलेल्या रसात त्या वेगवेगळ्या गुठळ्या करून बसतात. फ्लोरी आणि हगिन्स या दोघांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणितात मांडलं, आणि आम्ही आजही त्याच समीकरणाशी झटापट करतो. असा रस थंड झाला की गुठळीच्या सीमेवर पकड कच्ची राहते. वस्तू दिसते चांगली, पण आपटली की तिथूनच तडा जातो.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग सांगतो. तुटक्या खेळण्याचे तुकडे पाण्याच्या बादलीत टाका. पॉलिप्रोपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, ते तरंगेल. एबीएसची १.०५ च्या आसपास, ते बुडेल. बाहुलीचं मऊ डोकं बहुधा पीव्हीसीचं, तेही बुडेल. आता तळाशी एबीएस आणि पीव्हीसी एकत्र आले, आणि इथून पुढचा गोंधळ जास्त वाईट. पॉलिप्रोपिलीन किंवा एबीएस ज्या तापमानाला वितळवतात, साधारण २०० अंशांच्या वर, तिथे पीव्हीसी कुजायला लागतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं. मशीनचा स्क्रू गंजतो, आणि तिथे उभ्या माणसाच्या छातीत ते जातं. मुंबईत धारावीच्या १३ कंपाउंडमध्ये माणसं रंगानुसार, जातीनुसार, आवाजावरून आणि जळक्या वासावरून प्लास्टिक निवडतात. आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र जे सांगतं त्याच्या बरंच जवळ त्यांची बोटं पोचतात. पण रंग दिलेल्या, चिकटवलेल्या, स्क्रू मारलेल्या गाडीपुढे त्यांचंही फारसं चालत नाही.

आणि इथेच कंपन्यांच्या वागण्यातली विसंगती दिसते.

मॅटेलनं २०२१ मध्ये 'प्लेबॅक' नावाची योजना काढली: घरातली जुनी बार्बी, मॅचबॉक्स गाड्या आम्हाला पाठवा, आम्ही त्यातलं प्लास्टिक परत वापरू. जे वापरता येणार नाही ते हलक्या दर्जाच्या वस्तूंत जाईल किंवा जाळून ऊर्जा करू, असं कंपनीनंच सांगितलं होतं. हॅस्ब्रोनं २०१८ पासून टेरासायकल या कंपनीबरोबर तसाच कार्यक्रम चालवला. वाईट म्हणणार नाही मी. पण रसायनाच्या नजरेनं बघा. वेगवेगळ्या सालातली, वेगवेगळ्या साच्यांतली, कुणी नखानं रंगवलेली, कुणी चावलेली खेळणी एका पेटीत आली, तर पुनर्वापरासाठी त्याहून अवघड कच्चा माल सापडणार नाही. याउलट गोदामात न विकलेली लाखभर खेळणी पडली असतात, ती सगळी एकसारखी. अंग कशाचं, चाक कशाचं, रंगात काय घातलंय, मऊपणासाठी कुठलं रसायन वापरलंय, हे सगळं कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. पुनर्वापरासाठी याहून सोपा माल नाही. म्हणजे अवघड काम जाहिरातीसह गिऱ्हाईकाच्या घरापासून सुरू होतं, आणि सोप्या कामाबद्दल बोलणंच नाही.

कारखान्याच्या आत हे सोपं काम रोज होतंच. साच्यातून भाग निघाल्यावर जो फाटा उरतो, ज्याला 'रनर' म्हणतात, तो तिथेच दळतात आणि नव्या दाण्यात थोडा थोडा मिसळतात. कोरा वाकडा भागही तसाच दळला जातो. रंग लागला आणि जोडणी झाली की मात्र दार बंद. खेळणं पुन्हा सुटं करता येईल अशा बेतानं बनवलं, स्क्रू आणि खटके वापरले, दोन प्लास्टिकं चिकटवली नाहीत, तर दार उघडं राहील. पण त्यासाठी आरेखन करणाऱ्या माणसाला 'उरलं तर काय' हा प्रश्न आधी कुणीतरी विचारायला हवा. आपल्याकडे तो कुणी विचारत नाही, आणि उत्तर दिलंच तर आपला करकायदा उलटी शिक्षा करतो.

हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. वस्तू व सेवा कर कायद्याचं कलम १७(५)(ह) वाचा. माल हरवला, चोरीला गेला, नष्ट केला, वहीतून काढून टाकला किंवा भेट म्हणून दिला, तर त्याच्या कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. नष्ट करणं आणि भेट देणं एकाच ओळीत बसवलंय! आकड्यात सांगतो, हा फक्त समजण्यापुरता हिशेब. समजा एका खेळण्यात ६० रुपयांचा कच्चा माल आहे आणि त्यावर १८ टक्क्यांनी १० रुपये ८० पैसे कर भरलाय. अंगणवाडीला दिलं, तर ते १० रुपये ८० पैसे गेले, वर गाडीभाडं. तेच खेळणं लॉटच्या व्यापाऱ्याला १५ रुपयांना फुंकलं, तर १५ रुपये हातात आणि वजावटही शाबूत. फरक २५ रुपये ८० पैसे. एक लाख खेळण्यांवर २५ लाख ८० हजार रुपये. कुठला व्यवस्थापक कंपनीला हे नुकसान घे म्हणेल?

बाकीची दारंही तपासली. आयकरात देणगीसाठी वजावट मिळते ती पैशांच्या देणगीवर, वस्तूंच्या नाही. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या २ टक्क्यांत धरावं म्हटलं, तर कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं की वस्तुरूपातल्या मदतीची किंमत लावून ती खर्चात दाखवता येणार नाही. या नियमांमागे कारण आहे, ते मी नाकारत नाही. दहा रुपयांची वस्तू शंभरची दाखवून कर चुकवणारे आपल्याकडे कमी नाहीत. अमेरिकेनं तो धोका मान्य करून वेगळी वाट काढली. आजारी, गरजू किंवा लहान मुलांसाठी कंपनीनं माल दिला तर तिथे खर्चापेक्षा जास्त वजावट मिळू शकते, पण खर्चाच्या दुपटीची मर्यादा घालून. आपण दारच बंद केलं.

कचऱ्याचे नियम काय म्हणतात? प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आली, पण ती वेष्टनापुरती. खेळणं ज्या पारदर्शक खिडकीच्या खोक्यात येतं, त्या खिडकीच्या प्लास्टिकचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो. आतल्या बाहुलीचा नाही. राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तीही पिशव्या, पेले, ताटल्या, थर्माकोल यांच्यावर. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम त्या मानानं शहाणे आहेत. त्यात विजेवर चालणारी खेळणी आहेत, आणि ई-कचऱ्याच्या व्याख्येत उत्पादनातला नाकारलेला मालही धरलाय. म्हणजे सेलवर भुंकणारा कुत्रा नियमात बसतो, न भुंकणारा बसत नाही.

आता हे सगळं पुसदच्या पोराशी कुठे येऊन भिडतं, ते सांगतो.

न विकलेल्या मालाचे खरं तर तीन ढीग असायला हवेत. एक, उत्तम माल जो फक्त खपला नाही. दोन, खोकं फाटलेला माल, आतलं खेळणं ठीक. तीन, खरोखर सदोष: सुटून घशात जाईल असा डोळा, धारदार कड, मर्यादेपेक्षा जास्त शिसं किंवा थॅलेट. पहिले दोन ढीग मुलांच्या हातात गेले तर आनंदच आहे. तिसरा नष्टच व्हायला हवा, दानातही देऊ नये. गरिबाच्या पोराला चालतंय, हा विचार मला सहन होत नाही. पण माल लॉटनं, वजनावर विकला जातो तेव्हा हे ढीग वेगळे ठेवण्यात कुणाचाच फायदा नसतो. दिल्लीचा सदर बाजार किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून पुढे हातगाडीपर्यंत, माहूरच्या यात्रेतल्या चादरीपर्यंत पोचलेलं खेळणं कुठल्या ढिगातलं होतं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ही चांगली गोष्ट झाली. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली परिसरातून १२१ नमुने तपासले होते, त्यात सुमारे ६७ टक्के नापास होते. सक्तीनंतर छापेही पडले. जानेवारी २०२३ च्या आसपास एका महिन्यात बीआयएसनं देशभरात अठरा हजारांवर खेळणी जप्त केल्याच्या बातम्या होत्या. पण सक्तीत मोडणारे मानकाचे भाग बघा: यांत्रिक सुरक्षितता, ज्वलनशीलता, काही धातूंचं झिरपणं, झोके-घसरगुंड्या, बोटांनी लावायचे रंग आणि थॅलेट. ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकांसाठी त्यात भाग नाही. हे मला का टोचतं? कारण मिश्र रंगांचं भंगार वितळवलं की घाणेरडा करडा रंग येतो, तो झाकायला काजळी घालून दाणा काळा करतात. जुन्या टीव्ही-संगणकांची आवरणं आग लागू नये म्हणून ब्रोमिनच्या रसायनांनी भरलेली असत, आणि तीही या काळ्या दाण्यात येतात. आयपेन या संस्थांच्या जाळ्यानं २०१७ मध्ये २६ देशांतली कोडी सोडवायची ठोकळे-खेळणी तपासली, भारतासह, आणि बहुतेकांत ही रसायनं सापडली. खेळण्याला आग लागू नये म्हणून कुणी ती घातली नव्हती. भंगारातून ती आपोआप आली. म्हणून 'पुनर्वापर' हा शब्द ऐकून मी लगेच टाळ्या वाजवत नाही. वापरलेल्या दाण्यात काय आहे ते माहीत नसेल तर तो बादलीत जावा, कुंडीत जावा. दीड वर्षाच्या बाळाच्या तोंडात नको.

कुणी म्हणेल, मग आपला लाकडी नंदीच बरा. तान्ह्या पोळ्याचा चाकांचा बैल उरला तर पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबतो, रंगाचा एक हात मारला की नवा. मोठ्या भावाचा धाकट्याला, मामेभावाकडून आतेभावाकडे, असा तो पंधरा-वीस वर्षं फिरतो. लाकडाच्या बाजूनं एवढं खरं आहे की तो एकाच पदार्थाचा असतो आणि त्याची फॅशन जात नाही. पण नवा हात कुठल्या रंगाचा मारला, यावर सगळं अवलंबून. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत आणायचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. माळ्यावरच्या जुन्या नंदीवर त्याआधीचे थर असतील, तर ते खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका. भुकटी जास्त वाईट.

फ्रान्सनं २०२० च्या कायद्यात न विकलेला माल जाळायला आणि पुरायला बंदी घातली; आधी पुनर्वापर, दान, मग पुनर्चक्रण. २०२२ पासून तिथे खेळण्यांच्या उत्पादकांवर विस्तारित जबाबदारीही आली. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा थोडा बिचकत चाललाय. नष्ट करायला बंदी सध्या कपडे आणि पादत्राणांपुरती, पण मोठ्या कंपन्यांनी न विकलेला कुठलाही ग्राहकोपयोगी माल टाकला तर किती नग, किती वजन, का, हे जाहीर करायचं आहे. मला आपल्याकडे आधी हे दुसरं हवंय. बंदीसाठी तपासनीस लागतात, आणि ते आपल्याकडे किती आहेत हे आपण जाणतो. आकडा मागायला एक रकाना पुरतो.

आणि तो रकाना नव्यानं तयारही करावा लागणार नाही. बीआयएसच्या परवान्यांसोबत ज्या तपासणी योजना असतात, त्यांत एक नेहमीचं कलम आहे: नाकारलेला माल किती आणि त्याची विल्हेवाट कशी लावली, याची वेगळी नोंद ठेवा, आणि तो चांगल्या मालात मिसळू देऊ नका. म्हणजे तिसऱ्या ढिगाची वही कारखान्यात आहेच. ती तिथेच मिटलेली राहते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारताला खेळण्यांचं जागतिक केंद्र करायची योजना जाहीर झाली, त्यात 'शाश्वत खेळणी' असे शब्द होते. अनुदानाच्या अर्जाला या वहीतल्या वर्षाच्या बेरजेचं एक पान जोडायला लावा, आणि त्याच पानावर न विकलेल्या मालाची बेरीज.

तोवर आपल्या हातात थोडंसं आहे. खेळण्यावर किंवा खोक्यावर आयएसआय चिन्हाच्या जवळ 'सीएम/एल' असं लिहून एक क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲप उघडून तो टाका. परवाना कुणाचा, कुठल्या मालासाठी, चालू आहे की नाही, ते लगेच दिसतं. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पाच-सात घरांच्या खेळण्यांवर हे करून पाहिलं. अर्ध्यांवर क्रमांकच नव्हता. पुढच्या लेखात काळ्या प्लास्टिकची घनता मिठाच्या पाण्यात कशी ओळखायची, ते फोटोंसह सांगतो; एक किलो मीठ आणि एक स्वयंपाकघरातला काटा तयार ठेवा.